टाळ्या घेणारी गोष्ट चुकीची निघाली तेव्हा: संग्रहालयातल्या एका स्वयंसेवी मार्गदर्शकाचे प्रकरण

हे प्रकरण दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयात घडलेले आहे. संग्रहालयाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ज्यांच्याभोवती सगळे घडले त्यांना इथे ताई म्हणतो. तिथेही आम्ही सगळे तेच म्हणायचो. त्या काळात स्वयंसेवकांचे काम मी पाहत होतो. पुढे ज्या चुका येतील त्यांतली सर्वांत मोठी माझी आहे. ती कशी घडली हे नीट नोंदवून ठेवावे, म्हणून हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ताई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला गिरगावात, चौपाटीपासून दहा मिनिटांवर. समुद्र रोज दिसणारा, पण त्याच्याशी कामाचा संबंध कधी आला नव्हता. आमच्याकडे येणारे बहुतेक स्वयंसेवक शिल्पांचे किंवा चित्रांचे दालन मागतात. जहाजांचे दालन कुणी मागत नसे. ताईंनी ते आपणहून घेतले. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "धड्यात 'आरमार' हा शब्द तीस वर्षं शिकवला रे. पण गलबत म्हणजे नक्की केवढं, हे मला एकाही मुलाला सांगता आलं नाही."

दालन लांबट आहे. एका भिंतीवर सात बेटांच्या मुंबईचा नकाशा आणि गोदीचा आराखडा, मधल्या काचपेटीत मराठा आरमारातल्या गुराब आणि गलबत या नौकांच्या प्रतिकृती, शेजारी एक मासेमारीची नौका, आणि शेवटी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' या युद्धनौकेची मोठी प्रतिकृती. एका कपाटात होकायंत्र, सेक्स्टंट, दुर्बीण अशी साधने.

शिकवणी सहा शनिवारांची असे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला चौदा पानांचे एक टिपण मिळायचे. ते मी तयार केलेले. तयार केलेले म्हणजे आधीच्या स्वयंसेवकांच्या वह्या, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि दालनातले फलक एकत्र करून नीट मांडलेले. भाषा चांगली होती, क्रम चांगला होता. एकाही वाक्याखाली ते कुठून आले हे लिहिलेले नव्हते. त्या वेळी मला ते खटकलेही नाही.

ताईंनी ते टिपण महिनाभरात पाठ केले. पाठ केले तरी पोपटपंची वाटत नसे, कारण वर्गात बोलायची तीस वर्षांची सवय. १७३६ मध्ये जहाज बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि १७५० मध्ये इथली पहिली सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडे करायची जागा, तयार झाली, हे त्या असे सांगत की मुले गोदीच्या आराखड्याला नाक लावून उभी राहत. अभिप्रायाच्या वहीत त्यांच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले जाई. मी नव्या स्वयंसेवकांना सांगायचो, ताईंची फेरी ऐका आणि तसे करा.

अडचण

जानेवारीतला एक शनिवार. आठवीचा वर्ग आला होता, मागे चार-पाच इतर पाहुणे. ताई फेरीच्या शेवटच्या टप्प्यावर आल्या. तिथे टिपणातली सर्वांत लोकप्रिय गोष्ट होती: अमेरिकेचे राष्ट्रगीत ज्या जहाजावर लिहिले गेले ते 'मिन्डेन' जहाज आपल्या मुंबईत, वाडियांच्या हातून बांधलेले. नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या.

वर्ग निघून गेल्यावर पाठीमागचे एक गृहस्थ थांबले. दापोलीकडचे, आयुष्यभर बोटीवर चीफ इंजिनीअर म्हणून काम करून निवृत्त झालेले. त्यांनी चारचौघांत काही म्हटले नव्हते, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. हळू आवाजात विचारले, "बाई, ही गोष्ट तुम्ही कुठे वाचलीत?"

ताईंनी टिपण दाखवले. ते म्हणाले, त्यांची बोट एकदा बाल्टिमोरला लागली होती तेव्हा ते फोर्ट मॅकहेन्री पाहायला गेले होते. तिथे ऐकलेले वेगळे होते. फ्रान्सिस स्कॉट की हा वकील एका कैदी डॉक्टरची सुटका करून घ्यायला ब्रिटिश ताफ्याकडे गेला होता. १८१४ च्या सप्टेंबरात, १३ तारखेला किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला, तेव्हा त्याला परत जाऊ दिले नव्हते. तो होता वाटाघाटीसाठी पांढरे निशाण लावून आलेल्या अमेरिकन जहाजावर. रात्रभर मारा चालला, सकाळी किल्ल्यावर झेंडा अजून फडकताना दिसला, आणि त्यावरून कविता सुचली. यात मिन्डेन कुठे आले?

मिन्डेन मुंबईत बांधलेले आहे, १८१० मध्ये पाण्यात उतरलेले, ७४ तोफांचे, हे सगळे खरे. फक्त त्या रात्री ते तिथे असल्याचा आधार मिळत नाही.

ताई संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आल्या. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. म्हणाल्या, "वर्षभरात निदान चाळीस फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीत वीस-पंचवीस माणसं धर. इतक्या लोकांना मी खोटं सांगितलं. तुझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं."

मी टिपण उघडले. त्या वाक्याला काही आधार मला सापडेना. जुन्या तीन वह्यांत ते जसेच्या तसे होते, शब्दही तेच. एकाने दुसऱ्याचे उतरवले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि मी तिघांचे.

समोर असलेले पर्याय

सोमवारी दालनाच्या अभिरक्षक, ताई आणि मी असे तिघे बसलो.

पहिला मार्ग सर्वांत सोपा होता: वाक्य टिपणातून काढायचे आणि पुढे चालायचे. अभिरक्षकांचा कल तिकडे होता. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दालनातल्या कुठल्याही फलकावर ही गोष्ट छापलेली नव्हती, म्हणजे संग्रहालयाने अधिकृतपणे काही चुकीचे सांगितले नव्हते. जाहीर दुरुस्ती केली तर बाकीच्या माहितीवरही लोक शंका घेतील, ही त्यांची भीती होती.

दुसरा मार्ग मी सुचवला, आणि आज तो मला सर्वांत वाईट वाटतो. गोष्ट ठेवायची, पण आधी "असं म्हणतात" जोडायचे. ताईंनी मला तिथेच थांबवले. "मुलं 'असं म्हणतात' ऐकत नाहीत. ती गोष्ट ऐकतात. घरी जाऊन गोष्टच सांगतात." शिक्षिकेचा अनुभव होता तो, माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

तिसरा मार्ग म्हणजे चूक झाली हे सांगायचे. ज्या शाळेचा वर्ग नुकताच येऊन गेला तिला पत्र पाठवायचे, आणि पूर्ण टिपण वाक्यावाक्याने तपासायचे. यात वेळ जाणार होता, आणि तोपर्यंत फेऱ्यांचे काय, हा प्रश्न होता. पूर्ण बंद ठेवाव्यात का? शाळांच्या तारखा मार्चपर्यंत भरलेल्या होत्या.

निर्णय असा झाला: फेऱ्या चालू, पण वीस मिनिटांच्या. जे खात्रीचे आहे तेवढेच. शाळेला पत्र. आणि तपासणीचे काम ताईंनी हाती घ्यायचे, मी सोबत. पत्राचा मसुदा माझ्याकडे होता आणि तो पाठवायला मी दोन आठवडे लावले. कारण एकच, लाज वाटत होती.

काय केले

*वही.* ताईंनी दोनशे पानी वही घेतली. टिपणातले एक विधान, एक पान. वर विधान, खाली 'हे कुठून कळले'. मला वाटले होते, चौदा पानांचे टिपण म्हणजे तीस-चाळीस विधाने असतील. एकशे बारा निघाली.

मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन 'पहिला', 'सर्वांत जुना', 'सर्वांत मोठा' हे शब्द अधोरेखित केले. हा शिक्षकी खाक्या होता, आणि तपासणीत सर्वांत जास्त उपयोगी तोच पडला. अतिशयोक्ती बहुतेक वेळा याच शब्दांत लपलेली होती. टिपणात होते, 'ट्रिंकोमाली हे जगातले पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने युद्धजहाज'. मूळ दावा आहे, तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांमधली सर्वांत जुनी. उतरवताना कुणाकडून तरी 'ब्रिटिश' शब्द गळाला. अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' १७९७ ची आहे, बॉस्टनला आहे, आणि तरंगते आहे.

कॉन्स्टिट्यूशनचे नाव वहीत आले आणि त्यातून जे सापडले त्याने पूर्ण फेरी बदलली. ट्रिंकोमालीचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला पाठवले होते ते 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी जावाची गाठ पडली कॉन्स्टिट्यूशनशी. जावा हरली, जळाली, आणि मुंबईच्या जहाजाचे नकाशेही तिच्याबरोबर गेले. नकाशे पुन्हा पाठवावे लागले. १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला, मलबारी सागाचे बांधकाम उभे राहिले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात गेले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. ज्या अमेरिकन जहाजाने तिचे नकाशे बुडवले ते बॉस्टनला. दोन्ही दोनशे वर्षांनंतर तरंगत आहेत.

हे वाचले त्या दिवशी ताईंनी मला दुपारी फोन केला. त्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, मागे बसचे आवाज. "अरे, अमेरिका आपल्या गोष्टीत होतीच! आपण भलतीकडेच शोधत होतो."

*समुद्र ज्यांचा रोजचा, त्यांच्याकडून.* फेब्रुवारीत माझगाव कोळीवाड्यातले एक वयस्क नाखवा नातीला घेऊन दालन पाहायला आले. मासेमारीच्या नौकेपाशी थांबले. लेबलवर 'मासेमारी होडी' असे होते. ते म्हणाले, ही होडी नव्हे, मचवा आहे, आणि डोलकाठी चुकीची लावली आहे. सरळ उभी केलीत. आमची पुढे झुकलेली असते. शिडाची ती तिरकी आडवी काठी दिसते ना, परभाण, ती अंगावर मोठी असते. डोलकाठी पुढे झुकली की परभाण मोकळी राहते, फिरवता येते.

आधीच्या ताई असत्या तर त्यांनी हसून मान डोलावली असती आणि फेरी पुढे नेली असती, असे त्या स्वतः म्हणतात. या वेळी त्यांनी वही काढली आणि नाखव्यांना खुर्ची दिली. दोघे तासभर बसले.

त्यातून आलेली एक गोष्ट इथे सांगतोच, कारण माझ्या मते सागरी इतिहास शिकू पाहणाऱ्या मुंबईच्या माणसाने पहिली हीच शिकावी. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान. ताईंनी महिनाभर वर्तमानपत्रातले भरतीचे तक्ते कापून वहीत चिकटवले आणि पडताळून पाहिले. थोडे मिनिटांचे अंतर सोडले तर हिशेब जमत होता.

याचा जहाजबांधणीशी काय संबंध? सगळाच. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. वाफेच्या पंपांआधीच्या काळात सुकी गोदी चालायची ती या फरकावर. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचे, दरवाजे लावायचे, आणि जहाज कोरड्या तळावर टेकवून त्याच्या पोटाखाली काम करायचे. टिपणात गोदीचे वर्ष होते, बांधणाऱ्याचे नाव होते. गोदी चालते कशी, याचा एक शब्द नव्हता. वाडिया सुरतेहून इथे का आणले गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीने गोदीवर पैसा का लावला, हे भरती समजल्यावर मुलांना न सांगता कळू लागले. मलबारच्या सागाची जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा टिकत, हा भाग मग आपोआप जोडला जाई.

चीफ इंजिनीअर साहेबही महिन्यातून एकदा येऊ लागले. त्यांनी गुराबीची प्रतिकृती काचपेटीबाहेर काढायला लावली आणि तिची चोचीसारखी पुढे आलेली नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, दाखवली. तोफा नाळेवर, तोंड पुढे. गुराब शत्रूच्या पाठीमागून यायची, जिथून त्याला बाजूच्या तोफा वापरता येत नाहीत. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबते गुराबींना ओढून न्यायची. एका गलबताला चाळीस-पन्नास वल्हेकरी. गलबत केवढे, या ताईंच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले, त्याच्या कामावरून.

*आंग्रे.* हा सर्वांत अवघड भाग होता. एका फेरीत नववीतल्या मुलाने विचारले, "बाई, मोबाईलवर कान्होजी आंग्र्यांना पायरेट लिहिलंय. ते चाचे होते का?" टिपणात उत्तर तयार होते: 'इंग्रजांनी द्वेषाने तसे लिहिले'. ताईंनी ते म्हटले आणि त्यांनाच ते पुरेसे वाटले नाही. द्वेष होता हे ठीक, पण भांडण कशाचे होते?

उत्तर दस्तकात सापडले. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपला परवाना घ्यावा, हा नियम पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर कधीच लावला होता. त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, नसेल तर जहाज पकडत. इंग्रज आपले परवाने देत. कान्होजी, छत्रपतींचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, तेच करत होते: किनारा आमचा, दस्तक (परवाना) आमचे. इंग्रजी निशाणाखाली जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाला ते लागू होते की नाही, यावर लढाई. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीच्या बेटकिल्ल्यावर चाल केली, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर. दोन्ही वेळा हात हलवत परतले. आता ताई मुलांमधल्या एकाला नकाशापाशी उभे करतात, परवाना द्यायला लावतात, आणि विचारतात, याला चाचा कोण म्हणेल? मुले बरोबर उत्तर देतात: ज्याला परवाना घ्यायचा नाही तो.

पुढचा प्रश्न आम्ही आपसांत बराच घोळवला. १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. समोर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह होते, आणि त्यांच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. टिपणात आरमाराचा शेवट 'इंग्रजांनी केला' एवढेच होते. आठवीच्या मुलांना हे सांगायचे का? एका स्वयंसेविकेचे मत होते की नको, मुले अभिमानाने यावीत आणि अभिमानाने जावीत. माझे मत ताईंसारखे होते: सांगायचे. मुलांना घरातली भांडणे ठाऊक असतात. त्यांना हे समजते. सांगायला सुरुवात केल्यावर वर्ग शांत होतो, हे खरे. पण त्या शांततेनंतर येणारे प्रश्न फार चांगले असतात.

'कॉर्नवॉलिस'चेही तसेच. १८१३ मध्ये मुंबईत बांधलेले जहाज, त्याच्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, हे आम्ही छाती फुगवून सांगत होतो. तो तह पहिल्या अफूच्या युद्धाचा, ज्यात चीनला हाँगकाँग सोडावे लागले. आणि माळव्याची अफू मुंबईच्याच बंदरातून चीनला जात होती. आता दोन्ही एकत्र सांगतो. जहाज उत्तम होते. त्याचा उपयोग कशाला झाला, तेही मुंबईच्या इतिहासातच येते.

*पाय मोकळे करणे.* ताईंनी दालनाबाहेर जायला सुरुवात केली. बोरिवलीला एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, पाहून आल्या. दगडात कोरलेल्या नौकांची रांग, वल्ह्यांच्या ओळी, वर स्वर्गात जाणारे वीर. अनेक अभ्यासक ही तेराव्या शतकातली शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची लढाई मानतात. आमच्या टिपणात मुंबईचा सागरी इतिहास १६६१ च्या आंदणापासून, म्हणजे पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली तेव्हापासून, सुरू होत होता. कंपनीला बेट दहा पौंड भाड्याने मिळाले ते १६६८ मध्ये. त्याआधी जणू इथे पाणीच नव्हते. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल यांची नावे आहेत, कान्हेरीच्या लेखांत सोपाऱ्या-कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने आहेत. हे सगळे लोकलच्या अंतरावर.

एका रविवारी त्या अलिबागला गेल्या, तिथी पाहून, ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत गेल्या आणि भरतीच्या आत परतल्या. हे त्यांनी मला तीनदा सांगितले.

निष्पत्ती

ऑगस्टपर्यंत एकशे बारापैकी एकाहत्तर विधाने आधारासह उभी राहिली. काही सुधारली, बाकीची फेरीतून गेली. मिन्डेन राहिले, पण त्याच्या खऱ्या वर्षासह आणि एका वाक्यात: याच्याविषयी तुम्ही एक गोष्ट ऐकली असेल, ती खरी नाही, का ते विचारा. जवळजवळ प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारते.

शाळेच्या बाईंचे उत्तर दोन ओळींचे आले. पत्र वर्गात वाचून दाखवले, मुलांनी पुन्हा यायचे म्हटले आहे. जूनमध्ये ती आली. त्या वेळी ताईंनी त्यांना वहीचे पहिले पान दाखवले, खोडलेल्या वाक्यासह.

एक भर कुणाच्या योजनेत नव्हती. नकाशापाशी रेवसची लाँच दाखवताना एका पाहुण्या बाईंनी काशाच्या खडकावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, माझे आजोबा इथे गेले. १७ जुलै १९४७, रामदास बोट. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. आमच्या दालनात मोठमोठ्या युद्धनौका होत्या आणि गिरणगावातल्या, रायगडातल्या घराघरांत आठवण असलेल्या या बोटीचा उल्लेखही नव्हता. आता त्या जागी ताई मिनिटभर थांबतात. रायगडकडचे पाहुणे असले तर मिनिट पुरत नाही.

सगळे चांगलेच झाले असे नाही. नवी फेरी पहिल्यांदा ऐंशी मिनिटांची झाली आणि अर्धे पाहुणे मधूनच निघून गेले. ताईंना प्रत्येक सापडलेली गोष्ट सांगायची होती. त्यांना कापायला सांगणे मला जड गेले. शेवटी दोन फेऱ्या केल्या, पन्नास-पन्नास मिनिटांच्या, एक गोदीची आणि एक आरमाराची. विजयदुर्गाचा भाग नको म्हणणाऱ्या स्वयंसेविका दिवाळीनंतर आल्या नाहीत. त्यांना टाळ्यांची नव्हे, मुलांची काळजी होती, आणि मी त्यांच्याशी पुरेसे बोललो नाही.

पुन्हा करायचे झाले तर

शाळेला पत्र त्याच आठवड्यात जाईल. दोन आठवड्यांत मुलांनी ती गोष्ट घरोघरी पोचवली होती.

टिपणात आधार नसलेले एकही वाक्य जाणार नाही, हे मी तेव्हाच करायला हवे होते. पण त्याहून मोठी चूक वेगळी वाटते. मी स्वयंसेवकांना काय सांगायचे ते दिले, विचारायला शिकवले नाही. ताईंनी वर्षभर एकही शंका काढली नाही, कारण टिपण संग्रहालयाचे होते आणि त्या नवख्या होत्या. ज्या बाईंनी तीस वर्षे मुलांना 'हे तू कुठे वाचलंस' असे विचारले, त्यांना मी तोच प्रश्न मला विचारायला जागा ठेवली नव्हती. आता पहिल्या दिवशी प्रत्येकाला कोरी वही मिळते आणि टिपण तिसऱ्या शनिवारी.

नाखव्यांविषयी मला अजून टोचणी आहे. चीफ इंजिनीअर साहेबांना आम्ही रीतसर पत्र पाठवून व्याख्यानाला बोलावले, मानधन दिले. नाखवा चार वेळा आले, स्वतःच्या खर्चाने, दुपारचा धंदा सोडून. आम्ही चहा दिला. हा फरक माझ्या लक्षातही आला नाही, ताईंनी दाखवून दिला. पुढच्या वर्षीपासून त्यांचे नाव तज्ज्ञांच्या यादीत आहे आणि मानधन तेवढेच आहे. लेबल बदलायला मात्र आठ महिने लागले. आता तिथे 'मचवा' आहे, आणि डोलकाठी पुढे झुकलेली आहे. ती त्यांनीच येऊन बसवली.

नवी तुकडी या महिन्यात सुरू होते आहे, नऊ जण. पहिला शनिवार दालनात ठेवायचा नाही असे ताईंनी ठरवले आहे. सगळ्यांनी भाऊच्या धक्क्यावर यायचे. तिथी सप्तमी, भरती सव्वापाचला. नाखवा तिथे भेटतील. साडेचारला जमायचे आहे.